फोंड्याच्या वाटेवरची पानगळ

फेब्रुवारीत देवगडहून फोंडा घाटाकडे निघालं, की जामसंडे, तळेबाजारपर्यंत हापूसच्या बागा गर्द हिरव्या असतात. शिरगाव मागे पडलं, की मात्र ऐन, सावर, पळसाच्या उघड्या फांद्या दिसू लागतात. युरोपातली झाडं ऑक्टोबरात रंगतात, तेव्हा आपलं रान अजून हिरवंच असतं. आपली पानगळ थंडी ओसरताना भरात येते, कारण इथल्या झाडांना धाक बर्फाचा नसून कोरडेपणाचा आहे.

सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. कातळावरची मातीची पातळ साय तो फार काळ धरून ठेवत नाही आणि पानांच्या रंध्रांतून पाणी उडतच राहतं. मग झाड पानातलं नत्र आणि स्फुरद परत फांदीत ओढून घेतं. पानाकडून येणारं ऑक्झिन हे संप्रेरक घटतं, इथिलीनचा जोर वाढतो आणि देठाच्या बुडाशी पेशींना सांधणारं पेक्टिन विरघळतं. वारा येतो तो शेवटी. पान झाडानेच सोडलेलं असतं.

मला खरं नवल वाटतं ते पुढच्या टप्प्याचं. मार्च-एप्रिलात, पावसाला दोन महिने असताना, ही झाडं पुन्हा पालवतात. २००६ साली एलियट, बेकर आणि बोर्शर्ट या संशोधकांनी थायलंडमधल्या अशाच मोसमी वनांचा अभ्यास मांडला. पानं गेली की बाष्पोत्सर्जन थांबतं, मुळं खोलवरून ओढतात ते पाणी खोडात साठू लागतं, आणि वाढत्या दिवसाची खूण मिळताच कळ्या फुटतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. पाऊस येईतो पानं कामाला तयार! पाणी वाचवण्यासाठी झालेली पानगळच पालवीचं पाणी जमवते, हे मला या रानातलं सर्वांत सुंदर शास्त्र वाटतं.

रंगाचंही तसंच. थंड देशांत लाली बहुधा निरोपाची. आपल्याकडे बदामाची पानं जाताना लाल होतात खरी. पण कोशिंबाची कोवळी पालवी लालभडक येते, आंब्याची तांबूस. त्यामागे अँथोसायनिन हे रंगद्रव्य असतं. हरितद्रव्य पुरतं तयार होईपर्यंत ते कोवळ्या पानाला प्रखर उन्हापासून जपतं, असं मानलं जातं.

आंबा मात्र सगळी पानं एकदम टाकत नाही, म्हणून बागा हिरव्या दिसतात. तरी जुनी पानं गळतातच आणि बुंध्याशी पातेरा साठतो. वणव्याच्या भीतीने तो गोळा करणं योग्यच, पण पेटवू नये. राखेत पालाश आणि चुना उरतो. नत्र बहुतेक सगळं धुरात जातं. तोच पातेरा बागेतल्या खड्ड्यात शेण-मातीबरोबर कुजवला, तर त्यातलं नत्र हळूहळू कलमांच्या मुळांशी पोहोचतं. जिथे सुरुंग लावून, बाहेरची माती भरून कलमं उभी केली, त्या देवगडच्या कातळावर हे खत फुकट घालवणं परवडणारं नाही.