जुन्या जीपच्या शक्तिप्रेषण यंत्रणेचे सुटे भाग

जुन्या जीपच्या शक्तिप्रेषण यंत्रणेचे सुटे भाग म्हणजे इंजिनात निर्माण झालेली शक्ती चाकांपर्यंत पोहोचविणाऱ्या यंत्रणेत झिजलेल्या किंवा तुटलेल्या भागांच्या जागी बसविले जाणारे भाग होत. क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, प्रॉपेलर शाफ्ट, डिफरन्शियल, ॲक्सल शाफ्ट आणि चाकांचे हब यांचा त्यांत समावेश होतो. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या, म्हणजेच बोलीभाषेतील ‘फोर बाय फोर’ वाहनात हे भाग परस्परांशी ठरावीक गुणोत्तराने बांधलेले असतात. त्यामुळे एखादा भाग जागेवर बसला, एवढ्यावरून तो योग्य ठरत नाही. चुकीच्या निवडीमुळे खर्च वाया जातोच. शिवाय चाक निखळणे किंवा हातब्रेक निकामी होणे असे गंभीर धोकेही उद्भवतात.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी तयार झालेल्या विलीज जीपची भारतातील जोडणी महिंद्रा अँड महिंद्रा या कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू केली. ही कंपनी १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने स्थापन झाली होती व १९४८ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. विलीजच्या सीजे-३बी या मॉडेलवर आधारलेल्या जीप भारतात दीर्घकाळ तयार होत राहिल्या. पुढे प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्याने बनविलेले २११२ घनसेंटिमीटर क्षमतेचे डिझेल इंजिन महिंद्राच्या जीपमध्ये आले. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी बाजारात आली आणि १९९० च्या दशकात तिला १२९८ घनसेंटिमीटरचे मोठे इंजिन मिळाले.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांच्या या जिल्ह्यात सोयाबीन व तूर ही प्रमुख पिके आहेत. बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी माती पावसाळ्यात चिकट होते आणि पांदण रस्त्यांवर एकाच जोडीच्या चाकांना शक्ती मिळणारे वाहन सहज रुतते. अशा भूप्रदेशात जुन्या फोर बाय फोर जीपची उपयुक्तता टिकून राहते. मात्र ज्या मॉडेलचे उत्पादन थांबले आहे, त्याचे मूळ भाग मिळणे कठीण होत जाते आणि योग्य पर्याय निवडण्याचा प्रश्न उभा राहतो.

रचना

विलीज पद्धतीच्या जीपमध्ये स्पायसर १८ किंवा डाना १८ या नावाने ओळखली जाणारी ट्रान्सफर केस थेट गिअरबॉक्सच्या मागे जोडलेली असते. तिच्यातून एक प्रॉपेलर शाफ्ट पुढच्या व दुसरा मागच्या डिफरन्शियलकडे जातो. हे शाफ्ट वाहनाच्या मध्यरेषेवर नसून एका बाजूला सरकलेले असतात; त्यामुळे डिफरन्शियलचा गोलही मध्यभागी नसतो. वरच्या श्रेणीत या ट्रान्सफर केसमधून वेग न बदलता पुढे जातो, तर खालच्या श्रेणीत तो २.४६ पट घटतो आणि त्या प्रमाणात ओढ वाढते.

जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून अलग बसविलेली असून ती आखूड शाफ्टने जोडलेली असते. ती वरच्या श्रेणीतही वेग काहीसा घटविते. त्यामुळे जीपसाठी केलेला गुणोत्तराचा हिशेब जिप्सीला जसाच्या तसा लागू पडत नाही.

या दोन्ही प्रकारांत पुढच्या व मागच्या ॲक्सलमध्ये वेगाचा फरक सामावून घेणारे मधले डिफरन्शियल नसते. फोर बाय फोर जोडल्यावर दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट सक्तीने सारख्याच वेगाने फिरतात. म्हणूनच कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर वापरू नये, असा नियम आहे.

गुणोत्तराची जुळणी

डिफरन्शियलचे गुणोत्तर म्हणजे क्राऊनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागून येणारी संख्या. सीजे-३बी जीपमध्ये ४३ व ८ दाते, म्हणजे ५.३८ हे गुणोत्तर प्रचलित होते. याच कुळातील ॲक्सलमध्ये ३९ व ८ दात्यांचे ४.८८ आणि ४७ व ११ दात्यांचे ४.२७ हे संचही आढळतात. अनेक जुन्या पेट्रोल जीपमध्ये नंतर डिझेल इंजिन बसविले गेले, काहींचा मागचा ॲक्सल बदलला गेला. यामुळे वाहनाच्या नोंदणीच्या वर्षावरून त्यातील सध्याचे गुणोत्तर सांगता येत नाही.

पुढील व मागील गुणोत्तर समान असणे ही निवडीची पहिली अट आहे. समजा, मागे ५.३८ आणि पुढे ४.८८ असे संच बसविले. टायरचा परीघ सुमारे २.२७ मीटर धरल्यास एका किलोमीटरमध्ये मागचे चाक सुमारे ४४० फेरे घेते. तेवढ्याच काळात पुढच्या चाकाला सुमारे ४८५ फेरे घ्यावे लागतील. हा ४५ फेऱ्यांचा फरक चिखलात चाक घसरून निघून जातो. घट्ट रस्त्यावर मात्र तो संपूर्ण यंत्रणेला पीळ घालतो. परिणामी टायर झपाट्याने झिजतात, ट्रान्सफर केसचा दांडा अडकून बसतो आणि शेवटी सर्वांत कमकुवत भाग तुटतो. पुढे व मागे वेगळ्या मापाचे टायर बसविल्यासही असाच परिणाम होतो.

गुणोत्तराची निवड वापरावर अवलंबून असते. थेट टॉप गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना ५.३८ गुणोत्तराला इंजिनाचे मिनिटाला सुमारे २३७० फेरे लागतात, तर ४.८८ ला सुमारे २१५०. शेतातील ओढीसाठी पहिले, तर मोठ्या रस्त्यावरील प्रवासासाठी दुसरे गुणोत्तर सोयीचे ठरते. बदल करायचा झाल्यास तो दोन्ही ॲक्सलमध्ये एकाच वेळी करावा लागतो.

गुणोत्तर मोजण्याची रीत

डिफरन्शियल उघडून दाते मोजणे ही खात्रीची पद्धत आहे. न उघडता अंदाज घेण्यासाठी सपाट जागी एकच मागचे चाक उचलतात आणि उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावतात. त्यानंतर गिअर व ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये ठेवून उचललेले चाक दोन पूर्ण फेरे फिरवितात. एक चाक स्थिर असल्यामुळे दोन फेऱ्यांत क्राऊनचा एकच फेरा होतो. त्या काळात प्रॉपेलर शाफ्टने पाच व त्यावर एक तृतीयांशाहून थोडा अधिक फेरा घेतला, तर गुणोत्तर ५.३८ असते, पाचला किंचित कमी पडल्यास ४.८८ असते. पुढच्या ॲक्सलसाठीही हीच रीत चालते; तेथे मोकळे करता येणारे हब असल्यास ते आधी जोडून घ्यावे लागतात.

भागाची ओळख

बाहेरून एकसारखे दिसणारे भाग आतून वेगळे असू शकतात. एकाच डाना ४४ कुळात १०, १९ आणि ३० खाचांचे ॲक्सल शाफ्ट आढळतात. डाना १८ ट्रान्सफर केसच्या मधल्या दांड्याचे तीन व्यास प्रचलित होते: पाऊण इंच, सव्वा इंच आणि या दोहोंमधला एक पूर्णांक एक अष्टमांश इंच. ‘जीपचा मधला दांडा’ एवढ्याच वर्णनावर मागविलेला भाग त्यामुळे बहुधा परत करावा लागतो. भाग मागविण्यापूर्वी पुढील बाबींची नोंद करणे आवश्यक असते:

१. हाउसिंगवर ओतलेले अंक व ॲक्सलवरील पट्टी असल्यास तिच्यावरील मजकूर;
२. खाचांची व दात्यांची संख्या;
३. दांड्याचा व्यास आणि लांबी, व्हर्नियरने मोजलेली;
४. बेअरिंग व सीलवर कोरलेला क्रमांक;
५. डावी व उजवी बाजू, कारण सरकलेल्या डिफरन्शियलमुळे दोन्ही शाफ्टांची लांबी वेगळी असते.

जुना भाग सोबत नेणे ही गॅरेजमधील जुनी प्रथा याच कारणाने योग्य आहे.

नवे, जुने आणि काढलेले भाग

बाजारात निर्मात्याचे मूळ भाग, अन्य कारखान्यांत बनलेले भाग आणि मोडीत निघालेल्या वाहनांतून काढलेले भाग असे तीन प्रकार मिळतात. काढलेल्या भागांसाठी मुंबईतील कुर्ला येथील बाजार प्रसिद्ध आहे. सील, बेअरिंग, क्लच प्लेट आणि प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस हे झिजणारे भाग नेहमी नवेच घ्यावेत, असा संकेत आहे. हाउसिंग, ट्रान्सफर केसचे कवच यांसारखे ओतीव भाग तडा नसल्यास जुने चालतात. गिअरच्या दात्यांवर खड्डे, निळसर झाक किंवा टोक तुटल्याची खूण दिसल्यास तो भाग टाळावा.

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळविलेले असतात व अनेकदा दोहोंवर एकच क्रमांक कोरलेला असतो. म्हणून त्यांपैकी एकच बदलणे चुकीचे आहे. नवी जोडी बसविताना पिनियनची खोली पातळ चकत्यांनी, म्हणजे शिमनी साधावी लागते आणि दात्यांमधील मोकळीक डायल गेजने मोजावी लागते. दात्यांना रंग लावून त्यांचा परस्परस्पर्श कोठे उमटतो, हेही पाहतात. ही सोय नसलेल्या ठिकाणी चांगल्या स्थितीतील संपूर्ण जुना ॲक्सल बसविणे, नवी जोडी अंदाजाने बसविण्यापेक्षा अधिक टिकाऊ ठरू शकते.

सुरक्षितता

जुन्या जीपच्या मागील ॲक्सल शाफ्टवर चाक फिरविण्याबरोबरच वाहनाचा भारही असतो. निमुळत्या टोकाच्या शाफ्टवर हब चावी व नटने बसविलेला असतो. शाफ्ट बाहेरच्या टोकाशी तुटल्यास ब्रेक ड्रमसह चाक निघून जाऊ शकते. शाफ्टच्या खाचांना पीळ पडलेला दिसणे ही तो तुटण्यापूर्वीची सूचना असते.

विलीज पद्धतीच्या अनेक जीपमध्ये हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागील बाजूस असतो. मागचा प्रॉपेलर शाफ्ट, क्रॉस किंवा ॲक्सल शाफ्ट तुटल्यास ओढीबरोबर हातब्रेकही जातो. मागचे एक चाक जॅकवर उचलल्यावरही डिफरन्शियलमुळे असा हातब्रेक वाहन धरून ठेवू शकत नाही. माणसांची वाहतूक करणाऱ्या जीपमध्ये हे भाग निवडताना किमतीपेक्षा दर्जाला प्राधान्य देण्याचे हे प्रमुख कारण आहे.

माती, पाणी आणि तेल

चिखलपाण्यातून गेल्यावर हबचे सील आधी खराब होतात. तापलेले डिफरन्शियल पाण्यात थंड झाल्यावर आतील हवा आकसते आणि श्वासनळी बुजलेली असल्यास सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ दिसणे हे त्याचे लक्षण होय. असे तेल न बदलता केवळ बेअरिंग बदलल्यास नवे बेअरिंगही लवकर गंजते.

डिफरन्शियलमधील हायपॉइड दात्यांना जीएल-५ दर्जाचे तेल लागते. पितळी सिंक्रो रिंग असलेल्या गिअरबॉक्समध्ये मात्र सामान्यतः जीएल-४ दर्जाचे तेल योग्य मानले जाते. भाग बदलल्यानंतर दोन्हीकडे एकच तेल भरणे टाळावे.

कायदेशीर बाबी

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते व त्यानंतर तिचे ५ वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. वाशिम जिल्ह्यातील वाहनांची नोंदणी एमएच ३७ या क्रमांकाने होते. त्याच कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलात बदल करणाऱ्या फेरफारांना मर्यादा घालते. झिजलेल्या भागाच्या जागी तशाच मापाचा भाग बसविणे ही दुरुस्ती होय. इंजिन बदलण्यासारख्या फेरफाराची नोंद मात्र परिवहन कार्यालयात होणे आवश्यक असते.

हेही पाहा

विलीज जीप
महिंद्रा अँड महिंद्रा
मारुती जिप्सी
डिफरन्शियल
वाशिम जिल्हा