खोटं नाव आणि खरं मूल

आजचा विषय युरोपातला आहे, पण त्यातला प्रश्न देवरीतल्या माणसालाही कळेल असा आहे. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या राजवटीने सुमारे साठ लाख ज्यूंना ठार मारलं. त्यांत सुमारे १५ लाख मुलं होती. जी मुलं वाचली, त्यांतली अनेक कॅथलिक सिस्टरांनी, म्हणजे ननांनी, आपल्या कॉन्व्हेंटमध्ये लपवली म्हणून वाचली. कॉन्व्हेंट म्हटलं की आपल्याला इंग्रजी शाळा आठवते. मूळ अर्थ मात्र नन जिथे राहतात तो मठ. अनेक मठांना जोडून अनाथालय किंवा वसतिगृह असे. तिथे आणखी एक मूल आलं तर लगेच कोणाच्या डोळ्यावर येत नसे.

पण नुसतं लपवून भागत नव्हतं. मुलाला नवं नाव द्यावं लागे, बाप्तिस्म्याचा खोटा दाखला करावा लागे, प्रार्थना पाठ करून घ्याव्या लागत, कारण संशय आला तर पोलीस मुलाला प्रार्थना म्हणून दाखवायला सांगत. मुलग्यांची सुंता झालेली असे, त्यामुळे त्यांना लपवणं आणखी अवघड. पोलंडच्या जर्मन अमलाखालच्या भागात तर ऑक्टोबर १९४१पासून ज्यूंना आसरा देणाऱ्यालाही देहदंड होता. तरीही वॉर्सात मदर मातिल्दा गेटर यांच्या संस्थेतल्या सिस्टरांनी ५००हून अधिक ज्यू मुलं सांभाळली.

आता फ्रान्समधलं उदाहरण घेऊ. तुलूजचे आर्चबिशप सालिएज यांनी ऑगस्ट १९४२मध्ये ज्यूंच्या धरपकडीविरुद्ध पत्रक काढलं, ते चर्चमधून वाचलं गेलं. काप्देनाकच्या मठातल्या सिस्टर डेनिस बेर्गों यांनी ८३ ज्यू मुलांना आसरा दिला. मठातल्या मोजक्या सिस्टरांनाच खरं काय ते माहीत होतं. बाकीच्यांना सांगितलं होतं की ही मुलं दुसऱ्या प्रांतातून आलेली निर्वासित आहेत. पण सिस्टरच्या मनाला टोचणी होती. रोज खोटं बोलायचं, ते कसं चालेल? त्यांनी आर्चबिशपना विचारलं. उत्तर आलं, की माणसं वाचत असतील तर खुशाल खोटं बोला.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे कांट आठवतो. १७९७च्या एका निबंधात तो म्हणतो, की खुनी माणूस दाराशी येऊन 'तुझा मित्र घरात आहे का' असं विचारत असेल, तरी खोटं बोलू नये. आपल्याकडे हाच प्रश्न महाभारताच्या कर्णपर्वात आहे. कौशिक नावाचा ब्राह्मण, सत्याचं व्रत घेतलेला. दरोडेखोरांनी विचारलं, 'माणसं कुठे पळाली?' त्याने खरं सांगितलं. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. श्रीकृष्ण अर्जुनाला ही गोष्ट सांगतो. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'त या प्रश्नाचा ऊहापोह केला आहे. दाराशी सैनिक उभा असताना सिस्टरांनी जे केलं, ते कौशिकाच्या उलट होतं, आणि ते बरोबर होतं. याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

खरा अवघड प्रश्न पुढे आहे. सैनिकाशी खोटं बोलणं ठीक. पण मुलाशी? तीन वर्षांचं पोर नव्या नावाने हाक मारून घेतं, नवी प्रार्थना म्हणतं, दोन वर्षांत आईचा चेहराही विसरतं. त्याचं खरं नाव कोण जपून ठेवणार?

वॉर्सात इरेना सेंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वस्तीतून मुलं बाहेर काढून मठांत आणि कुटुंबांत पोचवली. त्या मुलांची खरी नावं आणि नवी नावं कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून, बरणीत घालून एका बागेत पुरून ठेवली होती. हेतू हा, की युद्ध संपलं की मूल ज्याचं त्याला परत देता यावं. ते खोटं कायमचं नव्हतं, त्याला मुदत होती.

याच्या उलट बाजूही पाहिली पाहिजे. ग्रेनोबलमधल्या फिनाली नावाच्या जोडप्याला १९४४मध्ये पकडून नेलं, ते परतले नाहीत. त्यांची दोन लहान मुलं नगरपालिकेच्या बालसंगोपनगृहाच्या प्रमुख आंतोआनेत ब्रुन यांच्याकडे आली. त्यांनी जीव धोक्यात घालून ती वाचवली. युद्ध संपल्यावर १९४५पासून मुलांच्या आत्या पत्रं लिहून मुलं मागत होत्या. ब्रुनबाईंनी ती दिली नाहीत. १९४८मध्ये मुलांचा बाप्तिस्मा झाला. खटला चालला आणि निकाल विरुद्ध जातोय म्हटल्यावर काही पाद्री आणि ननांच्या मदतीने मुलं लपवून स्पेनमध्ये नेली गेली. फ्रान्समध्ये मोठा गदारोळ झाला. अखेर १९५३मध्ये मुलं नातेवाइकांकडे आली.

ज्या हातांनी जीव वाचवला, त्याच हातांनी मूल अडवून धरलं. त्यात प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण इथे कांटचंच दुसरं वचन लागू पडतं, की माणसाला केवळ साधन मानू नका. दाराशी कांट चुकतो, घरात मात्र तो बरोबर ठरतो. आपल्या पुण्यासाठी किंवा आपल्या रिकाम्या कुशीसाठी मूल ठेवून घेणं, हा आसरा नाही, तो ताबा आहे.

आपल्या महाराष्ट्रातही एक उदाहरण आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीने त्यांना घराबाहेर काढून सैबेरिया, मध्य आशियाकडे पाठवलं होतं. हे लोक प्रामुख्याने कॅथलिक होते. वळिवड्यात त्यांची पोलिश शाळा होती, चर्च होतं, स्काउट पथक होतं. तिथे दाराशी मारेकरी नव्हता, म्हणून खोट्या नावाची गरज पडली नाही. मुलं पोलिश म्हणून आली, पोलिश म्हणूनच गेली.

देवरी परिसरात आश्रमशाळा आहेत, वसतिगृहं आहेत. इथली परिस्थिती युरोपासारखी मुळीच नाही, तशी तुलना करू नका. पण गोंडी बोलणारं लेकरू घरापासून लांब येतं, तेव्हा त्याला जेवण आणि अक्षर देणाऱ्याने एवढं स्वतःला विचारावं: सुट्टीत हे पोर घरी जाईल, तेव्हा आजीशी तिच्या भाषेत बोलू शकेल ना? घरी त्याला ज्या नावाने हाक मारतात, ते आपल्याला ठाऊक आहे ना?

इथे थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर आता घेऊ.