दात्याची शंका

धारच्या राजा भोजाचे नाव निघाले की अक्षरागणिक लक्ष मुद्रा उधळणारा नृपती डोळ्यांपुढे उभा राहतो; परंतु ही कीर्ती बहुतांशी त्याच्यामागून सुमारे पाच शतकांनी बल्लाळाने रचलेल्या ‘भोजप्रबंधा’ची आहे, आणि ज्या ग्रंथाने कालिदास, बाण व माघ यांना एकाच दरबारात आणून बसविले, त्याच्या भरवशावर खजिन्याचा ताळेबंद मांडणे शहाणपणाचे नव्हे.

भोजाचे खरे दान ताम्रपटांत आहे. इंदूरहून धारला जाताना लागणाऱ्या बेटम्याचा इ. स. 1020 चा ताम्रपट कोकण जिंकल्याच्या पर्वानिमित्त केलेल्या ग्रामदानाचा आहे; कोकण घेतल्याचा आनंद कोकणाबाहेरचे गाव देऊन साजरा करण्यात कोणाला विसंगती वाटली असेल, असे दिसत नाही. पण परमारांच्या या दानपत्रांचा उत्तरार्धच मला अधिक बोलका वाटतो. राज्यवैभव वाऱ्यावरच्या ढगासारखे चंचल आहे, असे बजावून राजा आपल्या व परक्या वंशांतील भावी भूपालांना विनवितो की हे दान पाळावे; पूर्वजांनी दिलेले परत घेणे म्हणजे निर्माल्य किंवा ओकलेले अन्न पुन्हा उचलणे होय. ज्याला आपल्याच नातवाच्या लोभाची इतकी पक्की खात्री आहे, त्या दात्याला मनुष्यस्वभाव कोणी शिकवावा? आणि भोज तरी सौम्य म्हणायचा. त्याने जिंकलेल्या कोकणात शिलाहारांच्या गधेगाळांवर तीच ताकीद ओंगळ शिवीच्या रूपाने, चित्रासकट, दगडात कोरलेली आहे. पुढे मराठी अमदानीतल्या इनामाच्या सनदांतही गाईची व सुवराची शपथ घालूनच वंशपरंपरेचा बंदोबस्त करावा लागे.

वारसाच्या लोभावर हे उपाय झाले. दात्याच्या औदार्यावर मात्र कोणत्याही दफ्तरात कलम सापडत नाही. याचे उदाहरण म्हणजे देवासच्या थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव पवार; त्यांच्याकडे 1921 साली ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार खासगी चिटणीस होते. राजाचा लाघवी स्वभाव आणि गोकुळाष्टमीच्या उत्सवाचा थाट यांचे वर्णन त्यांनी 1953 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द हिल ऑफ देवी’त मोठ्या ममतेने केले आहे, आणि वाचताना आपणही त्या माणसाच्या प्रेमात पडतो, जमाखर्च कोण पाहतो, हा प्रश्न सुचतो तोवर उशीर झालेला असतो. संस्थान कर्जात बुडाले, महाराजांनी फ्रेंचांच्या पाँडिचेरीत आश्रय घेतला आणि 1937 साली तेथेच त्यांचा अंत झाला.