नॉर्वेत पीएचडीला प्रवेश नाही, नोकरी मिळते! अर्ज कसा करायचा?

नॉर्वेत पीएचडी करायची म्हणजे बहुतेक वेळा ॲडमिशन घ्यायची नसते, नोकरी मिळवायची असते. हे एकदा लक्षात आलं की पुढची प्रक्रिया सोपी वाटते. 'पैसे भरा, सीट मिळवून देतो' म्हणणाऱ्यांपासूनही बचाव होतो.

विद्यार्थी की कर्मचारी?

ओस्लो, बर्गन, ट्रॉम्सो किंवा ट्रॉन्डहाइमचं एनटीएनयू, अशा सरकारी विद्यापीठांत पीएचडी करणारे साधारणपणे पगारी कर्मचारी असतात. या पदाला 'स्टिपेंडिआट' म्हणतात. मुदत ३ वर्षांची असते. शिकवण्यासारखं काम जोडलेलं असेल तर ४ वर्षं मिळतात आणि त्यातला पाव वेळ त्या कामाला द्यावा लागतो. पगार वर्षाला ५ लाख क्रोनरहून जास्त असतो, त्यातून कर कापला जातो. २०२३ पासून भारतीय विद्यार्थ्यांना तिथे पदवी आणि मास्टर्ससाठी फी भरावी लागते. पीएचडीच्या नोकरीला मात्र फी नाही.

जागा कुठे दिसतात?

जाहिराती विद्यापीठांच्या वेबसाइटवर आणि 'जॉबनॉर्गे' या पोर्टलवर येतात. अर्जही बहुतेक वेळा तिथूनच करायचा असतो आणि त्यासाठी शुल्क नसतं. प्राध्यापकांना सरसकट ईमेल पाठवून जागा मिळत नाही. जाहिरातीत ज्यांचं नाव दिलंय, त्यांना नेमका प्रश्न विचारायला मात्र हरकत नाही.

काय लागतं?

- नॉर्वेच्या मास्टर्सशी समकक्ष पदवी. आपल्या एमएस्सी किंवा एमटेकमध्ये प्रबंध होता का, हे आधी बघा. तो बहुतेक ठिकाणी मागतात.
- चांगले गुण. अनेक जाहिराती तिथल्या 'बी' किंवा त्याहून वरच्या श्रेणीची अट घालतात.
- सीव्ही, अर्जाचं पत्र, गुणपत्रिका, प्रबंध आणि शिफारस देणाऱ्यांचे संपर्क.
- काही जागांसाठी स्वतःचा संशोधन आराखडा. जागा ठरलेल्या प्रकल्पातली असेल, तर त्या प्रकल्पात तुम्ही काय कराल ते लिहा.

जाहिरातीत मागितलेला एखादा कागद राहिला, तर अर्ज विचारात न घेतला जाण्याची शक्यता असते. म्हणून एकच पत्र दहा ठिकाणी पाठवू नका.

पोस्टडॉकचं काय?

त्यासाठी पीएचडी पूर्ण हवी. काही जाहिराती प्रबंध सादर केलेल्यांनाही अर्ज करू देतात, पण रुजू होण्याआधी पदवी मंजूर व्हावी लागते. नेमणूक साधारण २ ते ४ वर्षांची असते. इथे तुमचे प्रकाशित लेख आणि पुढची दिशा जास्त बघितली जाते.

अर्जानंतर काय होतं?

साधारणपणे तज्ज्ञ समिती अर्ज तपासते, मग मोजक्या उमेदवारांची मुलाखत होते. या सगळ्यात काही महिने जाऊ शकतात. एक वेगळी गोष्ट म्हणजे, नॉर्वेच्या माहिती खुली ठेवण्याच्या कायद्यामुळे अर्जदारांची यादी सार्वजनिक होऊ शकते. सध्याच्या ऑफिसला कळू नये असं वाटत असेल, तर नाव गुप्त ठेवण्याची विनंती कारणासह अर्जातच करा. ती मान्य होईलच असं नाही, पण नाव जाहीर करण्याआधी तुम्हाला कळवलं जातं.

निवड झाली की नोकरीच्या पत्रावर कुशल कामगाराचा निवास परवाना काढायचा. नोकरीचं पत्र आधी, परवाना नंतर. कुणी हा क्रम उलटा सांगत असेल, तर तिथेच थांबा.