शिल्लक = शिल्लक + ५००

गणिताच्या वहीत ही ओळ चुकीची ठरते. दोन्ही बाजूंतून शिल्लक वजा केली की ० = ५०० उरते. प्रोग्रामिंगमध्ये मात्र ती अगदी बरोबर असते, कारण तिथले = हे चिन्ह दोन बाजू सारख्या असल्याचे सांगत नाही, ते एक काम सांगते: आधी उजवीकडचा हिशेब करा, मग आलेले उत्तर डावीकडच्या नावाखाली ठेवा.

शिल्लक हे व्हेरिएबल, म्हणजे संगणकाच्या स्मृतीतल्या किमतीचे नाव. ती २००० असेल तर संगणक जुनी किंमत वाचतो, तीत ५०० मिळवतो आणि शिल्लक या नावावर २५०० चढवतो. पासबुकात आधीची नोंद वरच्या ओळीत शाबूत असते, इथे २००० त्या नावावरून कायमचे जातात. म्हणूनच क आणि ख यांची अदलाबदल करताना क = ख आणि लगेच ख = क असे लिहिले, तर दोन्हींत ख चीच किंमत उरते. क ची किंमत आधी तिसऱ्या नावाखाली जपून ठेवावी लागते. पायथनमध्ये क, ख = ख, क ही एकच ओळ पुरते, कारण तिथे उजवीकडच्या दोन्ही किमती आधी वाचून होतात.

गोंधळाचे मूळ चिन्हातच आहे. रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये = छापले ते समानतेसाठी. चार शतकांनी, १९५७ च्या फोरट्रानने तेच चिन्ह किंमत ठेवण्यासाठी घेतले. अल्गोल आणि पुढे पास्कल यांनी := असे वेगळे चिन्ह वापरले. शिकणाऱ्याच्या दृष्टीने तोच मार्ग सरळ होता. पण सी भाषेने = ठेवले, तुलनेसाठी == घेतले, आणि जावा, जावास्क्रिप्ट, पायथन त्याच वाटेने गेल्या.

एक्सेल वापरलेल्यांची अडचण निराळी असते. व्याज = शिल्लक * ०.०४ असे लिहून नंतर शिल्लक वाढवली, तर व्याजही आपोआप वाढेल असे त्यांना वाटते. एक्सेलच्या रकान्यात सूत्र राहते, म्हणून तिथे तसे घडते. व्हेरिएबलमध्ये फक्त त्या क्षणी निघालेला आकडा राहतो. नवे व्याज हवे तर ती ओळ पुन्हा चालवावी लागते.

बेरीज करत जाताना सुरुवातीची किंमतही लागते. पाच विषयांचे गुण मिळवायचे तर लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या, आधी एकूण = ० हवे. ते विसरले तर पायथन असे नावच नाही म्हणून थांबतो. सी भाषेत फंक्शनमधल्या साध्या व्हेरिएबलमध्ये काहीही आकडा असू शकतो, आणि प्रोग्राम न कुरकुरता चुकीचे उत्तर देऊ शकतो. एकूण = ० ही ओळ चुकून लूपच्या आत गेली तर प्रत्येक फेरीत एकूण शून्यावर येते आणि शेवटी केवळ पाचव्या विषयाचे गुण दिसतात. नवशिक्यांच्या प्रोग्राममध्ये ही चूक फार आढळते. प्रत्येक फेरीत एकूण छापून पाहिले की ती लगेच सापडते.

एकूण = एकूण + गुण याचे छोटे रूप एकूण += गुण. सुरुवातीच्या सी भाषेत ही चिन्हे उलटी, =+ आणि =- अशी होती. त्यामुळे क=-१ म्हणजे क मधून १ वजा करायचा की क मध्ये उणे १ ठेवायचा, हे कळेना. म्हणून = मागे गेले.