मुलाखत: निकाल आपणच आधी लावू नका
— ऊस विकास अधिकारी



या पानावर एरवी लागणीचे नाहीतर खोडव्याचे असते. या वेळी जरा वेगळा विषय घेतो. गटात फिरताना बांधावर उभे राहिले की पहिला प्रश्न तोडीचा असतो, आणि दुसरा हल्ली असा, "साहेब, पोराची मुलाखत आहे, काय सांगू त्याला?" पोरगं लेखी परीक्षेत वर येतं आणि मुलाखतीत मागे पडतं, ही तक्रार पुष्कळ घरांत आहे. दर वेळी अभ्यासच कमी पडतो असे नाही. बऱ्याचदा समोरच्यांनी निकाल देण्याआधी मुलगा मनातल्या मनात स्वतःचा निकाल लावून मोकळा होतो, आणि तिथे गाडी रुतते.

एका सभासदाचा मुलगा बी.एस्सी. ॲग्री होऊन बँकेच्या कृषी अधिकारी पदाच्या मुलाखतीला गेला. किसान क्रेडिट कार्ड योजना कोणत्या साली सुरू झाली, असे विचारले. उत्तर १९९८, त्याला आठवेना. पुढचा प्रश्न एसएमपी आणि एफआरपी यांतल्या फरकाचा. आता हे ऊसवाल्याच्या घरात नवे आहे का? २००९-१० च्या हंगामापासून एसएमपी जाऊन एफआरपी आली, दर ठरवताना शेतकऱ्याची जोखीम आणि नफाही धरला जाऊ लागला, हे तो जेवताना ऐकत मोठा झालेला. पण मन मागच्याच प्रश्नापाशी बसले होते. "गेली नोकरी" म्हणत येणारे उत्तरही चाचरत दिले.

लागणीत चार ठिकाणी उगवण झाली नाही म्हणून कोणी प्लॉट मोडत नाही, नांग्या भरून पुढे जातो. "सर, हे मला आत्ता सांगता येणार नाही," एवढे सरळ म्हणावे आणि पुढच्या प्रश्नाकडे कान द्यावा. ठोकून दिलेले उत्तर जास्त महागात पडते, कारण त्यावर लगेच दुसरा प्रश्न येतो.

दुसरी खोड चेहरे वाचण्याची. साहेब हसले नाहीत म्हणजे उत्तर चुकले, बाईंनी घड्याळ पाहिले म्हणजे आपण नापास. अहो, सकाळपासून कितीजण त्यांनी ऐकलेले असतात! ते थकलेले असतील, जेवायची वेळ झाली असेल. त्यात आपला निकाल कशाला शोधायचा?

तसेच, आपला घाम, आवाजातला कंप सगळ्यांना दिसतोय असे वाटत राहते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या गिलोविच आणि सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्याला लाज वाटेल असा एका गायकाचे चित्र असलेला टी-शर्ट घालायला लावून इतरांच्या खोलीत पाठवले. त्याला वाटले, निम्म्या जणांनी तरी पाहिले असणार. प्रत्यक्षात पाव जणांच्याच ते ध्यानात आले होते. पोरांना हे जरूर सांगा.

माझ्या मते सर्वांत वाईट चूक लाजेची. "वडील काय करतात?" याला "शेतीच करतात" असे खाली मान घालून उत्तर येते. तो 'च' काढा. घरच्या शेतीवर चार प्रश्न हमखास येऊ शकतात: जात कोणती, ८६०३२ का लावता, एकरी टिपरी किती, आडसाली आणि सुरूत फरक काय. मुलगा हॉस्टेलवर राहिलेला, त्याला हे कोण सांगणार? एक संध्याकाळ त्याला रानात घेऊन जा. इंग्रजीचीही धास्ती नको. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून दिलेल्याला मुलाखतही मराठीतून देता येते.

आणि ते "सगळं आधीच ठरलेलं असतं" हे वाक्य. असे मानणारा मुलगा अर्ध्या मनाने आत जातो, आणि त्याचा बाप एजंटाच्या हाती सापडतो. जमीन गहाण टाकून पैसे देण्याआधी एवढे बघा. केंद्र सरकारच्या गट क, गट ड आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंदच आहेत. आयबीपीएसमार्फत बँकेत लिपिक घेताना मुलाखत नसते. अधिकारी पदाला असते, तिथेही मुख्य परीक्षेला ८० आणि मुलाखतीला २० असे वजन आहे. मग नसलेल्या मुलाखतीचे 'सेटिंग' कोणी लावून देत असेल, तर तो काय विकतोय?

थोडे घरच्यांसाठी. निघताना "एकर विकून शिकवलंय, लक्षात ठेव" असे म्हणू नका; ते त्याच्या चांगलेच लक्षात असते. परत आल्यावर दारातच "झालं का काम?" असे विचारण्यापेक्षा जेवू घाला. मग काय काय विचारले ते त्याच रात्री वहीत उतरवून काढायला सांगा, जमलेले आणि न जमलेले दोन्ही. दोन दिवसांनी निम्मे प्रश्न आठवत नाहीत, आणि पुढच्या मुलाखतीच्या तयारीला तीच वही लागते.