सरनोबत : वतन नसलेले पद

कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला बखर लिहिली. तिच्यात शिवछत्रपतींच्या घोडदळाची उतरंड बारकाईने आली आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार, ५ हवालदारांचा एक जुमला, १० जुमल्यांवर हजारी, ५ हजाऱ्यांवर पंचहजारी आणि या सर्वांवर सरनोबत. जुमलेदाराला वर्षाला ५०० होन, हजाऱ्याला १०००, पंचहजाऱ्याला २०००. अधिकाऱ्याबरोबर हिशेब ठेवणारा मुजुमदार असे. सरनोबताच्या हाताखाली वाकनीस, हरकारे आणि जासूद असत. पायदळाचा सरनोबत वेगळा. येसाजी कंकांचे नाव त्या पदाशी कायमचे जोडलेले आहे. गडावरही हवालदार आणि सबनिसाच्या जोडीला एक सरनोबत असे. गड एकाच माणसाच्या मर्जीवर राहू नये, हा त्यामागचा हेतू होता.

या रचनेत मला सर्वांत मोलाचे वाटते ते रोख वेतन. त्या काळी दक्षिणेतला सरदार जहागिरीवर जगे. फौज त्याची, मुलूख त्याचा आणि म्हणून निष्ठाही त्याच्या सोयीची. महाराजांचा सरनोबत मात्र नेमलेला होता, आणि ज्याने नेमले त्याला तो दूर करता येत होता.

याची कसोटी १६६६च्या जानेवारीत लागली. महाराजांनी पन्हाळ्यावर रात्री एल्गार केला. नेताजी पालकर वेळेवर पोहोचले नाहीत, सुमारे हजार माणूस कामी आले. नेताजी म्हणजे त्या वेळचे सर्वांत नामांकित सेनानी, लोक त्यांना प्रतिशिवाजी म्हणत. तरीही महाराजांनी त्यांना सरनोबतीवरून दूर केले आणि कुडतोजी गुजरांना प्रतापराव हा किताब देऊन त्या जागी बसवले. नेताजी आधी आदिलशाहीत, मग मोगल सरदार मिर्झाराजा जयसिंगांकडे गेले. आग्र्याहून महाराज निसटल्यावर औरंगजेबाने नेताजींना कैद केले, धर्मांतर करवून महंमद कुलीखान केले आणि पार काबूलकडे पाठवले. १६७६ साली ते परतले. महाराजांनी त्यांना पुन्हा स्वधर्मात घेतले, पण सरनोबतीवर तेव्हा हंबीरराव मोहिते होते आणि तेच राहिले. माणसाला माफी मिळाली, पद मिळाले नाही. हा निर्णय मला कठोर वाटतो आणि पूर्ण बरोबरही वाटतो.

प्रतापरावांचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. उमराणीला कोंडीत सापडलेल्या आदिलशाही सरदार बहलोलखानाला त्यांनी सोडून दिले. खान उलटला, महाराजांचा बोल लागला, आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत सरनोबत मोजक्या स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले. सहा सोबती ही संख्या मुंबईकर इंग्रजांच्या समकालीन पत्रव्यवहारातही येते. सहांची नावे मात्र नंतरच्या परंपरेतून आलेली आहेत. कुसुमाग्रजांच्या कवितेने ही दौड घराघरांत नेली. त्या शौर्यापुढे मी नतमस्तक आहे. तरी सरनोबताचे काम एकट्याने मरण्याचे नव्हते, मागे उभी असलेली फौज चालवण्याचे होते, हेही लिहिले पाहिजे.

पुढे काहीच महिन्यांत रायगडावर राज्याभिषेक झाला. अष्टप्रधानांत सरनोबताला सेनापती हे नाव मिळाले आणि तळबीडचे हंबीरराव त्या जागी होते. त्यांची खरी परीक्षा रणांगणाबाहेर झाली. ३ एप्रिल १६८० रोजी महाराज गेले. रायगडावर अण्णाजी दत्तो आणि इतर प्रधानांनी धाकट्या राजारामांना गादीवर बसवले. राजाराम हे हंबीररावांच्या सख्ख्या बहिणीचे, सोयराबाईंचे पुत्र. सेनापतीने नुसते स्वस्थ बसायचे ठरवले असते तरी भाच्याचे राज्य पक्के झाले असते. हंबीररावांनी संभाजीराजांची बाजू घेतली आणि कटवाल्या प्रधानांना धरून पन्हाळ्याला नेले. पुढे सात वर्षे मोगलांशी झुंजत १६८७च्या डिसेंबरात ते वाईजवळ धारातीर्थी पडले.

त्यानंतरची घसरण थोडक्यात सांगतो. राजारामांच्या काळात संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी मोगलांना सळो की पळो केले. पण दोघांत वितुष्ट आले आणि १६९७ साली संताजींचा खून झाला. रोख पगाराची जागा सरंजामाने घेतली. धनाजींमागे सेनापतिपद मुलाकडे, चंद्रसेनाकडे गेले आणि तो छत्रपती शाहू महाराजांना सोडून गेला. पुढे खंडेराव दाभाड्यांमागे ते त्यांच्या मुलाकडे, त्रिंबकरावांकडे आले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईला पेशवा आणि सेनापती एकमेकांसमोर उभे राहिले. एकाच छत्रपतींचे दोन प्रधान! त्रिंबकराव पडले, आणि शाहू महाराजांनी सेनापतिपद त्यांच्याच घरात, लहानग्या यशवंतरावांना दिले. सांत्वन म्हणून ते समजण्याजोगे होते. राज्याच्या दृष्टीने ते पदाचे मरण होते. वारशाने मिळालेले पद नाकर्त्याकडूनही काढून घेता येत नाही. पुढे पानिपतावर गेलेल्या फौजेचे नेतृत्व सेनापती नव्हे, तर पेशव्यांचे कारभारी सदाशिवरावभाऊ करत होते.

नेसरीचे स्मारक पाहायला आपण आवर्जून जातो, जायलाच हवे. तसेच कऱ्हाडजवळच्या तळबीडलाही जा, आणि मुलांना १६८० सालची ती गोष्ट सांगा.